गोधडीतला खिसा

झुलाल न्हाव्याचा वस्तरा चंदनच्या उजव्या कानामागे गेला आणि तिथेच थांबला. तीस वर्षांत झुलालने सोनगीरच्या निम्म्या गावाची जावळं काढली होती. त्याचा हात मधेच थांबला म्हणजे काहीतरी बिनसलं, हे ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना समजलं.

"भाऊ, जरा देखा बरं," झुलाल हळूच म्हणाला.

चंदन मामाच्या मांडीवर पाय झाडत होता. मामा बन्सीलाल पहाटेच पिंपळनेरहून निघून भाच्याच्या जावळासाठी आला होता. नवं धोतर, डोक्याला फेटा, सगळं कसं साग्रसंगीत. समोर पदर पसरून भागाअक्का बसल्या होत्या. केस खरं तर पोराच्या आत्याने झेलायचे. पण पोराच्या बापाला, नवलला, बहीण नव्हती, म्हणून हा मान त्याच्या आत्याला मिळाला होता. नवलला बहीण का नव्हती, हे या घरात कोणी बोलत नसे.

बन्सीलालने पोराचं डोकं उजेडाकडे वळवलं. कानामागून वर टाळूच्या बाजूला, तळहाताएवढा तांबूस-काळा डाग होता. जाळीसारखा उमटलेला. आणि त्याची एक कड सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी.

पोराची आजी कमलबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. तो डाग त्यांनी जन्मात कधी पाहिला नव्हता, तरी तो कशाचा हे त्यांना पहिल्या नजरेतच कळलं. ती सरळ कड त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. त्यांच्या हातातलं ताट तिरपं झालं, दिवा कलंडला आणि तेल कुंकवात सांडलं. अपशकुन, अपशकुन म्हणून दोघी-तिघी कुजबुजल्या. कमलबाईंना ते ऐकूही आलं नाही.

"पुनम, इकडे ये," बन्सीलालने बहिणीला हाक मारली. आवाज चढलेलाच होता. "हाई काय शे? मना भाचाना डोकावर हाऊ डाग कशाना शे?"

पुनम स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली. वाकली, बघितलं, आणि बोट लावायला गेली तो पिठाचा ठसाच तिथे उमटला. ती धुळ्याला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांच्या दंडातली शीर शोधणाऱ्या त्या मुलीला तो ठसा पुसायचंही सुचलं नाही.

"माले नही माहीत," ती म्हणाली. "दादा, खरंच माले नही माहीत."

एवढं पुरेसं होतं. आईला माहीत नाही म्हटल्यावर भागाअक्कांच्या जिभेला कोण आवरणार? वाटण्यांच्या वेळी भावाशी भांडून गेलेल्या अक्का चार वर्षांनी या उंबऱ्यात आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांना बोलायला काही सापडत नव्हतं.

"तुले नही माहीत तर कोनले माहीत?" पदरातले केस सांभाळत त्या म्हणाल्या. "धुयाथून येस आन् मोबाईल लिसन बठस. पोर मांडीवर, आन् मोबाईल त्याना डोकापान. मी काल संध्याकायपासून देखी र्‍हायनू ना!"

मग त्यांचा मुलगा प्रेमराज पुढे सरसावला. त्याचं धुळ्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे या विषयात आपण डॉक्टरच्या खालोखाल आहोत अशी त्याची समजूत होती. "मामा, हे किरणांचं आहे," तो चंदनच्या आजोबांना, सुकदेव आबांना म्हणाला. "लहान मुलांची कवटी पातळ असते. मोठ्या माणसाच्या डोक्यात जेवढं शिरतं त्याच्या दुप्पट आत जातं. मेंदू शिजतो. माझ्याकडे व्हिडिओ आहे, दाखवू?"

आणि त्याने खिशातून मोबाईल काढून तो मुलाच्या डोक्याशेजारीच धरला. एरवी कमलबाईंना हसू आलं असतं.

हसण्याजोगं तिथे काहीच उरलं नव्हतं. 'मेंदू' हा शब्द ओट्यावर पडला आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. नवल तरातरा पुढे आला आणि त्याने बायकोच्या कमरेला खोचलेला मोबाईल ओढून घेतला.

"किती येळा सांगं तुले? किती येळा?"

"नवल, मी पोराजवळ फोन घेऊन बसत नाही," पुनम म्हणाली. रागाला आली की ती लॅबमधली मराठी बोलायची. "संध्याकाळी सहाला मी घरात पाय ठेवते. तो डाग एक-दोन दिवसांचा नाही. कशाने झालाय ते मला शोधू दे."

"आते काय शोधस?" सुकदेव आबा खाटेवरून म्हणाले. गुडघा धरून बसलेला तो माणूस सहसा बोलत नसे, पण बोलला की घर गप्प व्हायचं. "मी आदुगरच सांगेल व्हतं. घरमा काय कमी शे? पोर सांभाय. पन तुले नोकरी पाह्यजे व्हती. उद्यापासून धुयानी गाडी बंद."

पुनमने सासूकडे पाहिलं. फक्त पाहिलं. काही मागितलं नाही.

ती नजर कमलबाईंना सोसवली नाही. कारण ही नोकरी त्यांनीच मिळवून दिली होती. जूनमध्ये पुनमची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा आबा असेच खाटेवर बसून 'नही' म्हणाले होते. चाळीस वर्षांच्या संसारात कमलबाई पहिल्यांदा नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "तिले जाऊ द्या. पोरले मी सांभायसू. एक घटकाबी डोयाआड कराव नही," असा शब्द त्यांनी दिला होता. भरल्या घरात, देवासमोर. त्या शब्दावर पुनम रोज साडेआठची बस पकडत होती.

आणि आता त्या तेल सांडलेलं ताट धरून उभ्या होत्या. बोललं तर काय होईल? नातू हातचा जाईल. नाही बोललं तर सुनेची नोकरी जाईल, आणि तीही खोट्या आळाने. पण नातू आपल्याकडेच राहील. हा विचार मनात आला आणि कमलबाईंना स्वतःचीच शिसारी आली. आपण इतक्या वाईट आहोत हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

"मी तिले आन् भाचाले पिंपयनेरले लई जास," बन्सीलाल उठला. अर्धं डोकं भादरलेला चंदन त्याच्या खांद्यावर भोकाड पसरून रडू लागला. "आमनी बहीन आमले जड नही. पुनम, पिशवी भर."

"पोर ह्या घरनं शे," नवल आडवा झाला.

"मंग घरनी सांभायं का नही?"

दोघे मेहुणे समोरासमोर आले. झुलालने वस्तरा मिटून खिशात घातला, ते बरंच केलं.

कमलबाई आत गेल्या. मागच्या खोलीत आढ्याला झोळी टांगलेली होती. झोळीत गोधडी होती, त्यांच्या हातची, जुन्या लुगड्यांची, चंदन पोटात होता तेव्हापासून शिवायला घेतलेली. ती त्यांनी काढली, दोन्ही हातांवर घेतली आणि ओट्यावर आणून सगळ्यांच्या मधे पसरली. उशाच्या बाजूला, उजवीकडे, एक खिसा होता. वीतभर. आत काहीतरी होतं. त्यातून एक पांढरी वायर बाहेर लोंबत होती.

"हाऊ खिसा मी शिवा," कमलबाई म्हणाल्या. "पुनमना नही. मना दोष शे."

कोणाला काही समजलं नाही. प्रेमराजने वाकून खिशात हात घातला आणि पुनमचा जुना मोबाईल बाहेर काढला. त्याने तो पालथा केला, आणि त्याचा चेहरा उतरला. मागचं झाकण फुगून वर आलं होतं. त्याने फोन लांब अंगणात, धुळीत नेऊन ठेवला आणि पाय मागे घेत परत आला.

"बॅटरी फुगलीय," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात दुकानदारी नव्हती. "मामी, हा चार्जिंगला लावून गोधडीत ठेवत होतात? पोराच्या डोक्याखाली? अहो, फुटला असता."

भागाअक्कांच्या पदरातले केस खाली सांडले.

मग कमलबाईंनी सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, कोणाकडे न बघता. रोज दहा वाजता चंदनला न्हाऊ-माखू घालून झोळीत टाकायचं. जुन्या मोबाईलवरून आपल्या साध्या मोबाईलवर फोन लावायचा, हिरवं बटण दाबून तो उचलायचा, आणि जुना तसाच चालू ठेवून गोधडीच्या खिशात सरकवायचा. लवकर बंद पडे म्हणून वायर लावून ठेवायची. आपला मोबाईल कानाशी धरून त्यावर फडकं बांधायचं आणि वावरात जायचं. आधी निंदणी, मग कापूस वेचायचा. वावर घरामागेच, पण लांबलचक. पोर कुठे रडलं की कानात ऐकू यायचं, की पळत यायचं.

"माले त्यानं रडनं ऐकू येवाले पाह्यजे व्हतं," त्या म्हणाल्या. "बस्. दुसरं काही नही."

आबांनी मान खाली घातली. त्या वाक्याचा अर्थ त्या ओट्यावर फक्त त्यांना कळला होता. अडतीस वर्षांपूर्वी याच वावरात बांधावरच्या बाभळीला अशीच झोळी होती आणि तिच्यात त्यांची नऊ महिन्यांची पोर होती. कमलबाई पलीकडच्या टोकाला कापूस वेचत होत्या आणि विहिरीवर डिझेल इंजिन धडधडत होतं. पोरीला विंचू चावला. ती किती वेळ रडली असेल कोण जाणे. इंजिन बंद झालं तेव्हा ती रडत नव्हती.

सहा महिने कमलबाईंच्या कानात नातवाचा श्वास होता. कापसाची बोंडं वेचता वेचता त्या श्वास मोजायच्या. त्यात सारखी बारीक खरखर यायची. पोराच्या छातीत कफ आहे म्हणून त्या रोज संध्याकाळी लसूण-ओवा तेलात कढवून त्याची छाती चोळायच्या. कानामागची कातडी खरबरीत लागली तेव्हा करंजाचं तेल लावलं. जावळाचे केस दाट होते. खाली काय चाललंय ते दिसलं नाही. इतकं सगळं ऐकणाऱ्या बाईला एवढं दिसलं नाही, हे त्यांना आता मारून टाकत होतं.

"अरे द्येवा!" भागाअक्कांना अखेर आवाज फुटला, आणि वारं फिरलं. "मंजे शब्द दिना आन् पोरले यकलं टाकी गयी? वहिनी, तू? सून बिचारी बोल खाई र्‍हायनी आन् तू ताट लिसन उभी?"

"माय!" नवल एवढंच म्हणाला.

"आईंना कोणी काही बोलू नका," पुनम म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती गोधडीशेजारी मांडी घालून बसली होती आणि खिशाच्या टाक्यांवरून बोट फिरवत होती.

"आई, त्या जुन्या फोनचं रिचार्ज कोण मारत होतं?"

कमलबाई गोंधळल्या. फोन चार्जिंगला लावला की चालतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो आणखी कशाने चालतो, हा प्रश्न त्यांना सहा महिन्यांत कधी पडलाच नव्हता.

"मी मारत होते," पुनम म्हणाली. "ते सिम माझ्या नावावर आहे. पहिल्याच महिन्यात मी यादी पाहिली. रोज दहानंतर, तुमच्या नंबरवर. कधी पाच तास, कधी सहा. घरातल्या घरात कोण कोणाशी सहा तास बोलतं? मला लगेच समजलं. तुम्ही वावरात आहात आणि चंदन घरात एकटा आहे."

"तुले माहीत व्हतं?" बन्सीलालने विचारलं. त्याच्या खांद्यावर चंदन हुंदके देत होता.

"जूनपासून. मला वाटलं फोन झोळीला टांगलेला असेल. डोक्याखाली असेल असं नाही वाटलं. पण एकटा आहे हे माहीत होतं." तिने डोळे पुसले नाहीत. "बोलले असते तर नोकरी सोडावी लागली असती. म्हणून नाही बोलले. दर महिन्याला गुपचूप रिचार्ज मारलं."

स्वयंपाकघरात बट्ट्या करपल्याचा वास सुटला होता आणि उठून बघायला कोणी तयार नव्हतं. कमलबाई सुनेकडे बघत राहिल्या. राग यायला हवा होता. आला नाही. आपण जिला फसवतोय म्हणून सहा महिने रोज संध्याकाळी जिची नजर चुकवली, ती आपल्यासारखीच नजर चुकवत होती.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"आन् तुमी? मी रोज वावरमा तुमना डोयासमोर व्हती. मजूर भेटत नही, जराशी हात लाव, असं तुमीच सांगं ना? तव्हय पोर कोनापान शे, हाई एक दिन तरी इचारं का?"

आबा गुडघा चोळत अंगणातल्या त्या फोनकडे बघत राहिले.

जावळाचा सोहळा अर्धाच राहिला. झुलालने उरलेले केस गपचूप उतरवले आणि ताटातलं न घेता निघून गेला. दुपारी प्रेमराजच्या गाडीतून ते धुळ्याला गेले: पुनम, नवल, मांडीवर चंदन, आणि पुनमने हात धरून गाडीत बसवलेल्या कमलबाई. बन्सीलाल मागून मोटरसायकलवर होता. पिंपळनेरचा विषय त्याने अजून सोडला नव्हता.

लहान मुलांच्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी भिंग घेऊन डाग पाहिला, चिमटीने कातडी ओढून पाहिली, फोन कुठे कसा असायचा ते कमलबाईंना दोनदा सांगायला लावलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हा डाग गरमीचा आहे," त्या म्हणाल्या. "रोज तासन्‌तास कोमट चटका बसला की असा डाग उमटतो. तो जाईल, वेळ लागेल."

"आणि किरणं?" नवलने विचारलं. "मेंदूला..."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मेंदू शिजतो वगैरे खोटं आहे. पण लहान मुलाची कवटी पातळ असते, मेंदू वाढत असतो, आणि फोनच्या लहरी मोठ्या माणसापेक्षा त्याच्या डोक्यात जास्त आत पोहोचू शकतात, हे खरं आहे. त्याने पुढे काय होतं, होतं की नाही, हे अजून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. मी घाबरवणार नाही आणि काही झालं नाही असंही लिहून देणार नाही. यापुढे फोन त्याच्यापासून लांब. कान तपासून घ्या. दर सहा महिन्यांनी आणा. बघत राहू."

बघत राहू. कमलबाईंना वाटलं, यापेक्षा काहीतरी पक्कं वाईट सांगितलं असतं तर निदान रडता आलं असतं.

दवाखान्याच्या पायरीवर बन्सीलालने पुन्हा विचारलं, "पुनम, चालस का?"

पुनमने मुलाला कमलबाईंच्या हातात दिलं. "दादा, तिथे नेऊन मी काय करू? तिथेही मी नोकरीवर गेले की कोणीतरी वावरात जाईलच."

संध्याकाळी घरी आल्यावर आबा खाटेवर नव्हते. ते मागच्या खोलीत, रिकाम्या झोळीखाली जमिनीवर बसले होते. दुखरा गुडघा लांब केलेला. "सोमवारपासून पोरजोडे मी बठसू," ते पुनमला म्हणाले. "तू तुनी गाडी धर." जन्मात पाळण्याची दोरी न धरलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं आश्चर्य करायलाही घरात कोणाला त्राण नव्हतं.

सोमवारी कमलबाई वावरात गेल्या. कानावर फडकं बांधलं, सवयीने. आत काही नव्हतं. वावर इतकं शांत असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. आबांनी ठरवलं होतं की अधूनमधून ओट्यावर येऊन हाक मारायची. पहिली हाक आली, "झोपेल शे!" ती एवढ्या जोरात होती की झोपलेलं पोर उठलंच असणार. शेजारच्या वावरातल्या बायका हसल्या. कमलबाईंनाही हसू आलं, चार दिवसांत पहिल्यांदा. दुसरी हाक आली. तिसरी आली.

चौथी आली नाही.

कमलबाईंनी एक झाड वेचलं. दुसरं वेचलं. कुठे तरी एक ट्रॅक्टर धडधडत होता. आवाज येत असेल आणि आपल्याला ऐकू येत नसेल. त्यांनी कमरेची कापसाची ओटी तिथेच सोडली आणि त्या पळत सुटल्या, कपाशीच्या पराट्यांनी ओरबाडून घेत, साठीची बाई, पदर कुठे, चप्पल कुठे. अडतीस वर्षांपूर्वी पळाल्या होत्या तशाच. दारातून आत शिरताना त्यांनी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, कारण तेव्हा घेतलं होतं.

आबा भिंतीला टेकून घोरत होते. झोळीची दोरी त्यांनी पायाच्या अंगठ्याला बांधली होती. झोळीत चंदन उताणा झोपला होता. बोडक्या डोक्यावर कानामागून तो डाग आणि त्याची सरळ कड दिसत होती.

कमलबाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी आपला कान त्याच्या तोंडाशी नेला. सहा महिने हा श्वास त्यांनी दुरून ऐकला होता. आज पहिल्यांदा त्या तो असा कान लावून ऐकत होत्या. तो आत जात होता, बाहेर येत होता, कानाला कोमट लागत होता. त्यांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

खरखर नव्हती. पोराच्या छातीत कफ कधी नव्हताच. ती खरखर फोनची होती.

त्या दिवशी कापूस वावरातच राहिला.